लाटेच्या हवाली केलेली आकृती : आना मेंडिएताची ‘सिलुएता’

१९७६ साली मेक्सिकोच्या दक्षिणेला, वाहाका राज्यातल्या ला वेंतोसाच्या किनाऱ्यावर क्युबन-अमेरिकन कलावंत आना मेंडिएताने आपल्या ‘सिलुएता’ मालिकेसाठी ओल्या वाळूत माणसाच्या अंगाएवढी एक आकृती कोरली. हात वर उचललेले, चेहरामोहरा काहीच नाही. त्या खोलगट साच्यात तिने लाल रंग भरला. जागा पाण्याच्या अगदी कडेची होती. मग कॅमेरा घेऊन ती लाटेची वाट पाहत थांबली.

फोटोंच्या मालिकेत पुढचं सगळं क्रमाने दिसतं. सुरुवातीला कडा रेखीव आहेत आणि वाळूला जखम झाल्यासारखा तो लाल रंग डोळ्यांत भरतो. मग पाणी आत शिरतं. कडा ढासळतात, रंग सुटून फेसात मिसळतो, आकृती एका बाजूने विरघळायला लागते. होता होता माणसाचा आकार ओळखू येईनासा होतो आणि किनारा पुन्हा किनाऱ्यासारखा दिसू लागतो.

यातली कलाकृती नेमकी कोणती? वाळूतली आकृती म्हणावी, तर ती टिकावी अशी कुणाची इच्छाच नव्हती. ती पुसली जाणं म्हणावं, तर ते काम समुद्राने केलं. फोटो म्हणावेत, तर मग आधीची सगळी मेहनत केवळ फोटोसाठी मांडलेला देखावा ठरते, आणि ते फोटो पाहताना तसं मुळीच वाटत नाही. माझं मत आधीच मांडून ठेवणं बरं. इथे कॅमेरा मागाहून येऊन नोंद घेणारा साक्षीदार नाही. जमीन, शरीर आणि कॅमेरा अशा तिघांत हे काम वाटलेलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा मेंडिएताने जाणूनबुजून स्वतःच्या हातात ठेवलेला नाही. माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याबद्दल तिला जे म्हणायचं होतं, ते या वाटणीतच आहे.

हवानाहून आयोवाला

मेंडिएताचा जन्म १८ नोव्हेंबर १९४८ चा, क्युबाची राजधानी हवानामधला. घर राजकारणात मुरलेलं होतं. तिच्या घराण्यातले कार्लोस मेंडिएता १९३४–३५ मध्ये देशाचे अध्यक्ष होते. १९५९ च्या क्रांतीनंतर तिचे वडील सुरुवातीला नव्या सरकारच्या बाजूने होते; पुढे ते विरोधात गेले आणि त्यांना अनेक वर्षं तुरुंगात काढावी लागली. १९६१ साली आईवडिलांनी बारा वर्षांच्या आनाला आणि तिच्या थोरल्या बहिणीला अमेरिकेला पाठवून दिलं. १९६० ते १९६२ या काळात १४,००० हून अधिक क्युबन मुलं अशीच एकेकटी अमेरिकेत गेली. ‘ऑपरेशन पेड्रो पॅन’ या नावाने ती मोहीम ओळखली जाते आणि तिच्यामागे कॅथलिक चर्च आणि अमेरिकी सरकार होतं.

या दोघी बहिणी आयोवा राज्यात पोचल्या. आधी अनाथाश्रम, मग या घरी, मग त्या घरी. समुद्राकाठच्या उष्ण गावातली मुलगी अमेरिकेच्या ऐन मधोमध, जिथून कुठलाच समुद्र जवळ नाही अशा बर्फाळ मुलखात येऊन पडली. आई आणि धाकटा भाऊ १९६६ मध्ये आले, वडील थेट १९७९ मध्ये. आपल्या शरीराचा आकार जमिनीत पुन्हा पुन्हा उमटवण्याचं मूळ या तुटण्यात आहे, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे: कोवळ्या वयात मायभूमीपासून तोडली गेले, म्हणून हा संवाद सुरू झाला. तिचं हे म्हणणं मी गांभीर्याने घेतो, पण सगळं काही या एकाच कारणाच्या खुंटीला टांगत नाही. विरह पुष्कळांच्या वाट्याला येतो. त्यासाठी वाळूत साचा कोरून समुद्राकाठी वाट पाहणं सुचायला वेगळं काहीतरी लागतं.

ते वेगळं काहीतरी तिला आयोवा विद्यापीठात मिळालं. चित्रकलेचं पदव्युत्तर शिक्षण तिने १९७२ मध्ये पूर्ण केलं आणि त्याच सुमारास तिला जाणवलं की, आपल्याला जे पोचवायचं आहे त्यासाठी आपली चित्रं पुरेशी खरी नाहीत. रंगवलेली प्रतिमा तिला जादूसारखी ताकदवान हवी होती. हान्स ब्रेडर यांनी तिथे १९६८ पासून ‘इंटरमीडिया’ नावाचा अभ्यासक्रम चालवला होता. त्यात शिल्प, सादरीकरण, फिल्म आणि व्हिडिओ यांच्यातल्या भिंती मुद्दाम पाडलेल्या होत्या. मेंडिएता तिकडे वळली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यापासून ब्रेडर यांच्या गटाबरोबर मेक्सिकोला जाऊ लागली.

शरीर हळूहळू बाजूला होतं

यागुल हे वाहाकातलं झापोतेक लोकांचं प्राचीन ठिकाण. १९७३ मध्ये तिथल्या एका उघड्या दगडी थडग्यात मेंडिएता विवस्त्र आडवी झाली आणि तिच्या अंगावर पांढऱ्या फुलांचे देठच्या देठ रचले गेले. फुलांनी चेहरा झाकला गेला. फुलं तिच्या अंगातूनच उगवल्यासारखी दिसतात. ही सिलुएता मालिकेची सुरुवात मानली जाते. सिलुएता म्हणजे स्पॅनिशमध्ये छायाकृती, बाह्यरेषा.

हा फोटो तिने स्वतः काढलेला नाही, काढणं शक्यच नव्हतं. थडग्यात झोपलेल्या माणसाला शटर दाबता येत नाही. तिने मांडणी ठरवली आणि ब्रेडर यांनी कॅमेरा चालवला. तिच्या सुरुवातीच्या पुष्कळ कामांत अशी व्यवस्था दिसते, आणि एवढ्यावरून फोटो कुणाचा असा वाद घालण्यात मला रस नाही. मात्र यातून एक अडचण स्पष्ट होते. शरीर चौकटीत असेल तर नजर दुसऱ्याची होते, आणि नजर स्वतःची हवी असेल तर शरीराला चौकटीबाहेर पडावं लागतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत नेमकं तेच झालं. १९७५ नंतरच्या बहुतेक सिलुएतांमध्ये मेंडिएता नाही, तिचा आकार आहे. चिखलात दाबलेला, बर्फात खोदलेला, गवतातून कापलेला, फुलांनी भरलेला, काड्याकाटक्यांनी आखलेला, बंदुकीची दारू भरून पेटवलेला. ती जेमतेम पाच फूट उंचीची होती आणि आकृतीही साधारण तेवढीच. १९७३ ते १९८० या काळात आयोवा आणि मेक्सिकोत मिळून अशा कितीतरी आकृती तिने केल्या.

हा बदल एका फिल्ममध्ये अगदी उघडा दिसतो. १९७५ च्या ‘सिलुएता सांग्रिएंता’मध्ये आधी ती स्वतः चिखलातल्या खळग्यात पडलेली आहे. चित्र तुटतं आणि खळगा रिकामा दिसतो. पुन्हा तुटतं आणि त्याच खळग्यात लाल द्रव भरलेला असतो. शेवटी ती त्यात पालथी पडलेली दिसते. मधल्या हालचाली कापून टाकल्यामुळे ती कधी उठली, कुठे गेली, काहीच कळत नाही. जमीनच तिला घेते आणि परत देते, असं वाटत राहतं. संकलनाची ही एवढीशी युक्ती, पण तिच्यामुळे कर्ता बदलतो.

कॅमेरा खाली वळतो

निसर्गाची छायाचित्रं म्हटलं की डोळ्यांपुढे क्षितिज येतं. डोंगर, आभाळ, मधे दरी, आणि हे सगळं लांबून पाहणारे आपण. अमेरिकेत ही परंपरा फार जुनी आहे. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीचे भव्य फोटो काढले. त्यांचा प्रभाव एवढा पडला की १८६४ मध्ये ती दरी कायद्याने राखली जाण्यात त्यांचाही वाटा मानला जातो. ते फोटो सुंदर आहेत. पण त्यांतली दरी माणसाचा हात न लागल्यासारखी दिसते, आणि १८५१ मध्येच सशस्त्र तुकडीने तिथे शिरून मूळच्या रहिवाशांना हुसकायला सुरुवात केली होती, हे त्या फोटोंत कुठे नाही. दूरवरून पाहिलेला निर्मनुष्य निसर्ग ही कल्पना घडवण्यात कॅमेऱ्याचा हात मोठा आहे.

मेंडिएताने कॅमेरा खाली वळवला. सिलुएतांच्या बहुतेक फोटोंत क्षितिज नाही, किंवा कोपऱ्यात जेमतेम आहे. चौकट जमिनीने भरलेली असते. पाहणारा आकृतीच्या पायाशी किंवा डोक्यावर उभा असतो, एखाद्या खड्ड्यात वाकून बघावं तसा. इथे ‘दृश्य’ उरत नाही, माती उरते. लांबी-रुंदीचा अंदाज फक्त त्या आकृतीवरून करता येतो, कारण दुसरं काही मोजमाप चौकटीत नाही. आणि आकृती माणसाएवढी असल्यामुळे पाहणाऱ्याचं शरीर नकळत तिच्याशी ताडून बघतं: मी इथे मावेन का?

‘ट्री ऑफ लाइफ’ या १९७६ च्या फोटोत ती अपवादाने उभी आहे. आयोवातल्या ओल्ड मॅन्स क्रीकच्या काठी, एका प्रचंड खोडाला पाठ लावून, हात वर करून, अंगभर चिखल आणि गवत थापलेलं. पहिल्या नजरेला फक्त झाड दिसतं. मग खोडाच्या खडबडीत सालीत दोन हात सापडतात. माझ्या दृष्टीने हा तिच्या सर्वांत मोठ्या फोटोंपैकी एक आहे, आणि त्याचं बळ त्या पहिल्या क्षणात आहे. माणूस शोधावा लागतो.

फोटो थांबवतो, फिल्म सोडून देते

मेंडिएताकडे दोन साधनं होती. स्लाइडवर रंगीत फोटो काढणारा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आणि सुपर-८ चा फिल्म कॅमेरा. सुपर-८ कोडॅकने १९६५ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आणलं. वाढदिवस, सहली चित्रित करायला लोक ते घ्यायचे. त्याच्या एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असते. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंदांत संपते. आवाज नाही, भिंगाची करामत फारशी नाही. तिच्या बऱ्याच फिल्म तीन मिनिटांच्या आसपास आहेत, ते यामुळेच. कुठे थांबायचं याचा निर्णय पुष्कळदा कार्ट्रिज करतं.

एवढ्या थोड्या वेळात ती करते काय? १९७४ च्या ‘क्रीक’मध्ये वाहाकातल्या एका ओढ्यात ती पडून राहते आणि पाणी तिच्यावरून वाहत जातं. बाकी काही घडत नाही. ‘बेरियल पिरॅमिड’मध्ये यागुलला तिच्या अंगावर दगड रचलेले आहेत. ती श्वास घेते, छाती हलते, दगड एकेक करून घरंगळतात. त्याच सुमाराच्या ‘ग्रास ब्रीदिंग’मध्ये नुसता हिरवळीचा तुकडा दिसतो, आणि तो वरखाली होतो, श्वास घेतल्यासारखा. आत कोण आहे हे कळलं तरी गवतच श्वास घेत आहे ही भावना जात नाही. १९७५ च्या ‘आल्मा, सिलुएता एन फुएगो’मध्ये जमिनीतल्या खळग्यात पांढऱ्या कापडाची आकृती जळत जाते आणि राख उरते. १९७६ मध्ये वाहाकात तिने तिथल्या दारूकाम करणाऱ्या कारागिराकडून स्वतःच्या आकाराचा सांगाडा बनवून घेतला आणि संध्याकाळच्या अंधारात तो फटाक्यांसकट पेटवला. डोंगरापुढे एक बाई काही क्षण उजेडाने आखली जाते आणि विझते.

या फिल्म आणि फोटो शेजारी ठेवून पाहिले की दोघांचं काम वेगळं आहे हे ध्यानात येतं. फोटोत आकृती कायमची आहे. चिखलातला एखादा ठसा फोटोत पाहिला की तो हजारो वर्षांपूर्वीचा असावा असं वाटतं, कारण काळ चौकटीतून काढून टाकलेला आहे. फिल्ममध्ये उलट होतं. जाळ कमी होतो, पाणी वाहतं, धूर विरतो, आणि आपण काही करू शकत नाही. फोटो पाहताना आपण आकृतीकडे बघतो आणि फिल्म पाहताना निसर्ग तिचं काय करतो याकडे.

ला वेंतोसाची मालिका या दोहोंच्या मधे उभी आहे, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात केली. ते सुटे फोटो आहेत, पण क्रमाने. दोन फोटोंच्या मधे किती वेळ गेला ते आपल्याला माहीत नसतं. एका फोटोत कड शाबूत, पुढच्यात नाही. मधली लाट दिसत नाही, तिने केलेलं दिसतं. त्या फटीत समुद्र आहे. मेंडिएताने कॅमेरा नुसता चालू ठेवला असता तर लाट हा एक छान दिसणारा प्रसंग झाला असता. थांबून थांबून फोटो काढल्यामुळे लाट ही जोडीदार झाली: एक हात माझा, एक तुझा. आणि शटर दाबण्याचा प्रत्येक क्षण निवडावा लागल्यामुळे, आकृती कुठपर्यंत आपली आणि कुठून पुढे पाण्याची, हा निर्णयही तिला दर वेळी घ्यावा लागला.

इथे निसर्ग पार्श्वभूमी नाही, आणि तो तिच्याशी मायेने वागतो आहे असंही नाही. लाटेला त्या आकृतीचं काहीही नाही. ही बेफिकिरी तिने मान्य केली आणि तिच्या भरवशावर काम उभं केलं.

टनांनी मोजलेली माती आणि पाच फुटांची आकृती

तिचा काळ अमेरिकेत भूकलेचा, म्हणजे जमीन हेच माध्यम मानणाऱ्या कलेचा होता. मायकल हायझर यांनी नेवाडातल्या पठाराच्या कड्यांत १९६९ च्या सुमारास ‘डबल निगेटिव्ह’साठी दोन प्रचंड खाचा पाडल्या आणि त्यासाठी सुमारे २,४०,००० टन खडक हलवला. रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० मध्ये युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये १,५०० फूट लांबीची दगडांची सर्पिल वाट बांधली. ही कामं यंत्रांनी झाली, ठेकेदारांकरवी झाली.

या पुरुषांची कामं आक्रमक आणि मेंडिएताचं काम कोमल, अशी सरळ फोड नेहमी केली जाते. मला ती अर्धीच पटते. स्मिथसन यांची वाट काही वर्षांत तळ्याच्या वाढलेल्या पाण्याखाली गेली आणि तीसेक वर्षांनी पुन्हा वर आली. बदल, झीज, क्षार यांचा विचार त्यांनीही केला होता, आणि त्यांनीही त्या कामाची फिल्म केली होती. फरक मला दुसरीकडे दिसतो. हायझर यांच्या खाचेपुढे माणूस किती लहान आहे ते जाणवतं. सिलुएतापुढे माणूस आहे तेवढाच राहतो. जमिनीशी नातं जोडायला शरीराएवढी जागा पुरते, हे तिने दाखवलं, आणि ती जागाही परत केली.

तिची साधनं अगदी निर्दोष होती असंही नाही. रंग, बंदुकीची दारू, जनावराचं रक्त, जाळलेलं कापड हे सगळं तिने ओढ्याकाठी आणि किनाऱ्यावर वापरलं. आज कुणी तिच्यापासून स्फूर्ती घेऊन असं काम करायला निघालं, तर पाण्यात काय जाणार आहे हा प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ही जमीन कुणाची?

सिलुएतांवर सर्वांत अवघड आक्षेप इथे येतो. मेंडिएता जिला ‘निसर्ग’ म्हणून भिडते ती जमीन रिकामी नव्हती.

आयोवा आज मक्याचं आणि सोयाबीनचं राज्य आहे. एकेकाळी तिथे उंच गवताची माळरानं पसरलेली होती. नांगराखाली ती जवळजवळ पूर्ण गेली, एक टक्क्याचा दहावा भागही शिल्लक नाही. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळच्या रहिवाशांना पूर्व आयोवातली जमीन सोडावी लागली आणि १८३३ पासून गोऱ्या वसाहतवाल्यांना ती खुली झाली. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये पैसे मोजून आयोवातली थोडी जमीन परत विकत घेतली. म्हणजे स्वतःच्या मायभूमीपासून तोडलेली मुलगी ज्या ओढ्याच्या काठी आपला आकार उमटवत होती, तिथून आधीच दुसरं कुणीतरी तोडलं गेलं होतं. सिलुएतांमध्ये हे कुठेही नोंदलेलं नाही. पण एकदा कळल्यावर त्या रिकाम्या आकृती निराळ्या दिसू लागतात. माणूस होता, आता नाही, आकार उरला आहे: हे वाक्य त्या जमिनीबद्दलही खरं आहे.

यागुलच्या थडग्याबद्दल मी एवढा उदार होऊ शकत नाही. झापोतेकांच्या दफनाच्या जागेत जाऊन झोपणं ही मृतांशी जवळीक आहे की त्यांची जागा परस्पर वापरणं? मेंडिएताला मेक्सिको हे स्वतःच्या मुळांच्या जवळ गेल्यासारखं वाटत असे. क्युबाला जाता येत नव्हतं, भाषा तीच होती. तिची ओढ खरी होती याबद्दल मला शंका नाही. तरीही ते थडगं तिच्या माणसांचं नव्हतं. फोटो सुंदर आहे म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

दुसरा आक्षेप १९८० च्या दशकात स्त्रीवादी समीक्षेतूनच आला. बाई म्हणजे माती, बाई म्हणजे निसर्ग, हे समीकरण बायकांना पुरातन काळापासून जखडत आलं आहे. मेंडिएता तेच पुन्हा घट्ट करते, असं म्हटलं गेलं. तिच्या काही विधानांवरून हा आक्षेप योग्य वाटतो. एकच चैतन्य किड्यापासून आकाशगंगेपर्यंत सगळ्यांतून वाहतं, अशी तिची श्रद्धा होती, आणि भूमाता, देवी हे शब्द ती सहज वापरायची. पण काम पाहिलं की समीकरण डळमळतं. बहुतेक सिलुएता बाईच्या आहेत हेही फक्त सांगितल्यामुळे कळतं. त्यांना स्तन नाहीत, चेहरा नाही, कातडीचा रंग नाही. नुसतं शरीराएवढं काहीतरी आहे, आणि तेही निघून चाललं आहे.

शिवाय ‘बाई’ हा शब्द सरसकट वापरण्याला तिने स्वतःच हरकत घेतली होती. १९७८ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर ती ए.आय.आर. या स्त्रियांनी चालवलेल्या गॅलरीत सामील झाली. १९८० मध्ये तिने काझुको मियामोतो आणि झरीना हाश्मी यांच्याबरोबर तिथे अमेरिकेतल्या तिसऱ्या जगातल्या स्त्री-कलावंतांचं प्रदर्शन मांडलं. अलीगढला जन्मलेल्या झरीना यांच्या छापचित्रांतही घर आणि हरवलेली जागा हेच सतत येत राहतं. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मेंडिएताने स्पष्ट लिहिलं की, अमेरिकेतला स्त्रीवाद ही मुळात गोऱ्या मध्यमवर्गाची चळवळ आहे. हे लिहिणारी बाई ‘स्त्री म्हणजे निसर्ग’ एवढ्या सोप्या सूत्रावर समाधान मानत असेल, असं मला वाटत नाही.

परतणं, आणि न पुसणारं काम

१९८० मध्ये, एकोणीस वर्षांनी, तिला क्युबात पाऊल ठेवता आलं. १९८१ मध्ये हवानाच्या पूर्वेकडच्या हारूकोच्या डोंगराळ भागात तिने चुनखडीच्या गुहांच्या भिंतींत आकृती कोरल्या. त्यांना ताइनो लोकांच्या पुराणकथांतली नावं दिली: वाऱ्याची देवी गुआबान्सेक्स, पाण्याची माता अताबे, आणि इतिबा काहुबाबा. ताइनो म्हणजे कोलंबस येण्याआधीचे त्या बेटांवरचे रहिवासी.

इथे दोन गोष्टी बदलल्या. आकृती आता तिच्या अंगाच्या मापाची राहिली नाही, आणि ती जाळायची, वाहू द्यायची नव्हती. तिने ती दगडात कोरली. ज्या जमिनीत ती पाहुणी होती तिथे तिने काहीच मागे ठेवलं नाही, आणि जिथली होती तिथे खूण ठेवली. तिचे कृष्णधवल फोटोही इथे बदलतात. प्रकाश बाजूने घेतलेला आहे, कोरीव रेषांच्या सावल्या खोल आहेत. प्रेक्षक न्यूयॉर्कमध्ये, दगड क्युबात, आणि मधे बंद सीमा. त्यामुळे त्या गुहा बहुतेकांपर्यंत फोटोंतूनच पोचल्या. चुनखडी मऊ असते, तीही झिजते. पण त्याला वर्षं लागतात. कार्ट्रिजची तीन मिनिटं तिथे पुरत नाहीत.

मृत्यूची सावली

८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कमधल्या चौतिसाव्या मजल्यावरच्या घरातून पडून तिचा मृत्यू झाला. ती छत्तीस वर्षांची होती. तिचा नवरा, शिल्पकार कार्ल आंद्रे, याच्यावर खुनाचा खटला चालला आणि १९८८ मध्ये तो निर्दोष सुटला. १९९२ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाच्या न्यूयॉर्कमधल्या नव्या शाखेत त्याचं काम लागलं तेव्हा, आना मेंडिएता कुठे आहे, असं विचारत बाहेर निदर्शनं झाली. ती मागणी आजही संपलेली नाही.

त्या संतापाशी मी सहमत आहे. पण एका वाचनाला माझा विरोध आहे. जमिनीवरची बाईची आकृती पाहून तिला स्वतःचा मृत्यू आधीच दिसला होता असं म्हणणारे लेख निघाले, अजूनही निघतात. हे तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं आहे. वर्षानुवर्षं हातांनी माती उकरून, दारूकाम करणाऱ्याशी बोलून, फिल्मचा वेग आणि ऊन बघून ठरवलेलं काम मग भविष्यसूचक स्वप्न होऊन बसतं. ला वेंतोसाचा लाल रंग रक्त म्हणून वाचता येतो, पण तिथे शव नाही. तिथे समुद्र आहे आणि त्याची वाट पाहणारी, हयात असलेली, कामात गढलेली एक कलावंत आहे.

मागे काय उरलं

तिच्या हयातीत थोडेच फोटो मोठ्या आकारात छापले गेले. स्लाइड्स मात्र पुष्कळ होत्या. आज संग्रहालयांत दिसणारे कित्येक प्रिंट तिच्या मृत्यूनंतर वारसदारांच्या देखरेखीखाली छापलेले आहेत. त्यामुळे प्रिंटचा आकार किती, रंग किती गडद, हे निर्णय पूर्णपणे तिचे म्हणता येत नाहीत. ला वेंतोसाचा लाल नेमका केवढा लाल होता, हे आता स्लाइड आणि छपाई यांच्यावर सोपवलेलं आहे. निसर्गाच्या हाती सोपवलेलं काम पुढे माणसांच्याही हाती सोपवावं लागलं.

फिल्मना याहून उशिरा न्याय मिळाला. बऱ्याच काळ त्या फोटोंच्या मागे पडलेल्या होत्या. मूळ फिती तपासून, स्कॅन करून १०४ फिल्मची मोजदाद झाली, आणि २०१५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गॅलरीत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की ही बाई सत्तरच्या दशकातली अतिशय महत्त्वाची चित्रपटकार होती. या फिल्म पाहताना एक काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं: संगीत लावू नये. मूळ सुपर-८ मूक आहे. काही वेळाने त्या शांततेत आपलाच श्वास ऐकू येतो, आणि मग ‘ग्रास ब्रीदिंग’मधलं गवत त्याच लयीत हलायला लागतं.

आवाज असलेलं तिचं एक काम इथे आठवतं. १९८१ चा ‘ओचुन’ हा व्हिडिओ, फ्लोरिडातल्या की बिस्केनच्या उथळ पाण्यात केलेला. ओचुन ही क्युबातल्या सांतेरिया या धर्मपरंपरेतली नद्यांची देवता. वाळूचे दोन वळणदार बांध पाण्यात उभे केले आहेत, माणसाच्या दोन कडा असाव्यात तसे. पण वरच्या आणि खालच्या टोकाला आकृती बंद केलेली नाही. ला वेंतोसात लाट आकृतीवर आली होती. इथे पाणी एका टोकाने आत येतं, अंगभर वाहतं आणि दुसऱ्या टोकाने निघून जातं. लाटांचा आवाज आहे, पाखरांचा आहे. दक्षिणेला, त्याच समुद्रापलीकडे, क्युबा आहे.